बायबल मध्यभागी ठेवून मुलांना घरीच शिकवायचंय, आखणी कशी करू?

शाहूपुरीची_आई

सलाम मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आम्हाला तीन मुलं. थोरला बारा वर्षांचा, सातवीत. मधली नऊ वर्षांची, चौथीत. धाकटीला नुकती पाच पूर्ण झाली. दोघं मोठी मराठी माध्यमात. यांची नोकरी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, पाळ्या बदलत्या. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलंय आणि लग्नाआधी तीन वर्षं शिकवण्या घेतल्यात.

येत्या जूनपासून मुलांना घरी शिकवावं असं मनात पक्कं होत चाललंय. शाळेवर राग नाही, शिक्षक कष्टाळू आहेत. पण सकाळी साडेसहाला रिक्षा, दुपारी जेवण, मग शिकवणी, मग गृहपाठ. रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बसलो की धाकटी पेंगते, मधलीची वही अर्धी राहिलेली असते आणि थोरला घड्याळाकडे बघत असतो. दिवस संपल्यावर जे उरतं तेवढंच आम्ही वचनाला, म्हणजे बायबलला, देतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी याविषयी बोलत जा. मला ते बोलणं परत घरात आणायचंय.

अडचण आखणीची आहे. तीन मुलांची तीन वयं. एकच उतारा तिघांना कसा शिकवायचा? गणित, विज्ञान, मराठी यांची सांगड कशी घालायची? दहावीचं काय? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, आणि ज्यांना पटत नाही त्यांनीही सांगा.

हलगी

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण तुम्ही 'पटत नाही त्यांनीही सांगा' म्हणालात म्हणून लिहितो. राग मानू नका.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! माझा पणजोबा त्या दंडाच्या भीतीनं शाळेत गेला आणि आमच्या घरात पहिल्यांदा अक्षर आलं. शाळेत वेगवेगळ्या घरची पोरं एका बाकावर बसतात, हीच तर महाराजांची कमाई. तुमची पोरं त्या बाकावरनं उठवून घरात बसवायची म्हटलं की पोटात कालवतं बघा. तुमची श्रद्धा चांगलीच आहे. बाकाचं काय तेवढं सांगा.

गडहिंग्लजकरीण

हलगीदादांचा प्रश्न खरा आहे. त्यावर शेवटी बोलते.

ताई, आमचं हे सहावं वर्ष. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालं आणि शाळा उघडल्या तरी आम्ही थांबलो नाही. पहिल्या वर्षाची चूक आधी सांगते. मी घरातच शाळा भरवली. भिंतीला फळा, चाळीस मिनिटांचा तास, तासाला घंटा. बायबलचा एक तास, म्हणजे पाठांतर आणि रिकाम्या जागा भरा. ऑगस्टपर्यंत मुलगा बायबलचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणू लागला. त्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन रडले होते. वचन मध्यभागी ठेवायचं म्हणजे त्याचा तास पहिला लावायचा, असा माझा समज होता.

आता काय करतो ते सांगते. सकाळी साडेसातला चहा, भाकरी झाली की सगळे एकत्र. एकच उतारा, पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. लहानगीला गोष्ट सांगायची, वाचून दाखवायची नाही. तिनं ती दुपारी आजीला सांगायची. मधल्यानं त्यातली चार वाक्यं सुंदर अक्षरात उतरवायची आणि नकाशात गाव शोधायचं. मोठीनं तोच उतारा एकटीनं पुन्हा वाचायचा आणि एक प्रश्न लिहून आणायचा. प्रश्न हवाच. उत्तर आलं नाही तरी चालतं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. तुमचा थोरला नेमका त्याच वयाचा आहे. त्याला उत्तरं पाठ करायला लावू नका.

त्यानंतर गणित, रोज, न चुकता, बालभारतीच्या पुस्तकातूनच. गणिताला बायबलमध्ये शोधायला जाऊ नका, गणित गणितासारखं शिकवा. मग मराठी. एक दिवसाआड विज्ञान. साडेअकराला आम्ही मोकळे. तीन मुलांना मिळून साडेतीन-चार तास पुरतात, कारण हजेरी, रांगा, गोंगाट यात जाणारा वेळ वाचतो.

बाकाचं म्हणाल तर दादा, आमच्या शेजारची पोरं दुपारी आमच्या अंगणातच असतात. पण खरं सांगते, तेवढं पुरत नाही. मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. आमच्या मोठीला मैत्रिणी मिळायला दोन वर्षं लागली आणि ती दोन वर्षं तिला जड गेली.

नीतिसूत्रे_३१

गडहिंग्लजच्या ताईंशी माझं एका ठिकाणी जमत नाही. गणित बायबलमध्ये शोधू नका असं का? माझ्या मुलानं आठचा पाढा स्तोत्र ११९ वर पाठ केला. इब्री (हिब्रू) वर्णमालेची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराची आठ-आठ वचनं, म्हणून १७६. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातला ओतीव गंगाळसागर घ्या, म्हणजे मंदिरातलं पाण्याचं मोठं गोल पात्र. तोंड दहा हात, घेर तीस हात. आम्ही न्हाणीघरातलं घंगाळ आणि सुतळी घेऊन बसलो. घेर तीनपटीपेक्षा थोडा जास्तच भरतो, हे मुलाच्याच लक्षात आलं. मग ग्रंथात सरळ तीस का, यावर आमची संध्याकाळ गेली. मोठ्या मापात आपण पूर्णांकात बोलतो, की आतून-बाहेरून मोजल्याचा फरक? असा धडा कुठल्या पुस्तकात मिळेल?

मी तर म्हणते दहा वर्षांपर्यंत दुसरं पुस्तकच नको. दर महिन्याला नीतिसूत्रे, ३१ अध्याय, तारखेला एक. वाचन, लेखन, शुद्धलेखन सगळं त्यातून.

भूगोलवेडी

घंगाळाचा प्रयोग फार आवडला, उद्याच करते!

आम्ही नोहाच्या तारवाचा, म्हणजे जलप्रलयातल्या त्या मोठ्या जहाजाचा, केला होता. ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. म्हणजे १३५ मीटर लांबी. रंकाळा तलावाच्या काठानं टेप घेऊन मोजत गेलो, एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला मुलगी. मध्ये फिरायला आलेले दोन आजोबा थांबले आणि त्यांनीही टेप धरला. घरी येताना मुलगी म्हणते, "आई, तारवात म्हशी होत्या ना? मग तिथं दूधकट्टा पण असणार." कोल्हापूरचं लेकरू, समोर म्हैस पिळून दूध देतात ते कट्टे बघत वाढलेलं.

हलगी

दूधकट्टा!! असणारच की. नोहा गंगावेशीचा असणार ;)

मिरजेची_आत्या

लेकरांनो, वाचून बरं वाटलं. मी निवृत्त नर्स, वय ७१. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, तरी स्तोत्रं तोंडपाठ. दळताना म्हणायची, तीच माझ्या कानात बसली. तीमथ्याला पत्र लिहिताना प्रेषित पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. आखणीत आजीला धरा. घरात नसेल तर चर्चच्या मंडळीतली एखादी म्हातारी धरा, तिला वेळही आहे आणि तिला कुणी विचारतही नाही.

नीतिसूत्रेबाई, दुसरं पुस्तकच नको हे मात्र मला पटलं नाही. मोशे मिसरी लोकांच्या सगळ्या विद्येत तयार झाला होता, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. दानीएल खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकला आणि तरी गुडघे टेकायचे तिथंच टेकले. मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी इस्पितळ उभं केलं ते प्रार्थनेनं आणि शस्त्रक्रियेच्या ज्ञानानं, दोन्हींनी. पोरांना शरीरशास्त्र नीट शिकवा ग.

जि_प_गुरुजी

मी कागल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर २२ वर्षं आहे. श्रद्धेच्या बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. कागदपत्रांचं सांगतो, कारण पालक तिथंच अडकतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलंय, पण पालकाला शिक्षा त्यात नाही. घरी शिकवणाऱ्यांना हा कायदा आड येत नाही, असं केंद्र सरकारनं २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं. तरी घरशिक्षणाला वेगळी नोंदणी किंवा मान्यता अशी काही नाही. त्यामुळे स्वतःकडे सगळं लिहून ठेवा: वह्या, तारखा, काय शिकवलं. उद्या मूल परत शाळेत आणायचं झालं तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, ते दार उघडं आहे.

दहावीला दोन वाटा. एक, आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, खासगी विद्यार्थी म्हणून. त्याला वय १४ पूर्ण, किमान पाचवी उत्तीर्ण आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणून ताई, तुमच्या मधलीला चौथीतून काढू नका. पाचवी पूर्ण होऊ द्या, दाखला हातात घ्या, मग काय ते ठरवा. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. त्याची परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच विषय, त्यात एक तरी भाषा, आणि भाषेत मराठीही आहे. तिथंही १४ पूर्ण लागतात. धाकटी शाळेत गेलीच नाही तर तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या परीक्षा आहेत. प्रादेशिक केंद्र पुण्यात.

आणि जन्मदाखला, अधिवास, जातीचा दाखला हे आत्ताच करून ठेवा. आपल्याकडे शाळेचा दाखला हा निम्म्या कागदांचा पाया असतो. तो नसला की माणूस टेबलाटेबलांवर फिरतो.

शाहूपुरीची_आई

गुरुजी, पाचवीचं मला माहीतच नव्हतं. डोक्यावर हात ठेवून बसलेय. फार फार आभार.

पारवा

हा धागा दोन दिवस नुसता वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी ३४ वर्षांचा. शाळेत जात होतो, पण घरात बायबलची शाळा वेगळी होती. वडील चर्चच्या मंडळीत मानाचे. खोटं बोललो की नीतिसूत्रे १२ वहीत दहा वेळा लिहायचं. मार्क कमी पडले की आळशाची वचनं. भावाशी भांडलो की पहिला योहान. त्यांनी हात कधी उगारला नाही, त्यामुळे बाहेरून सगळं सुरेख दिसायचं. अठराव्या वर्षी पुण्याला कॉलेजला गेलो आणि नऊ वर्षं बायबल उघडलं नाही. उघडलं की पाठीत कळ यायची. ती लिहून लिहून आलेली कळ होती.

परत आलो तो लग्नानंतर. बायको रोज सकाळी स्तोत्र वाचायची, मला ऐकवायला नाही, स्वतःसाठी. एकदा २३ वं वाचत होती आणि मला कळलं की ही ओळ मी शंभरदा लिहिली होती, पण ती कुणी मला कधी म्हणून दाखवली नव्हती.

ताई, मी विरोध करत नाही. तुमच्या पोस्टमध्ये माया दिसते. एवढंच मागतो की वचनाची शिक्षा करू नका. एकदाही नाही. दंगा केला तर खेळ बंद करा, भांडी घासायला लावा. इफिसकरांच्या पत्रात आज्ञा मुलांना आहे तशी बापांनाही आहे, मुलांना चिडीला आणू नका म्हणून. माझ्या वडिलांनी ते वचन आम्हाला कधी लिहायला दिलं नाही.

गडहिंग्लजकरीण

पारवाभाऊ, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मी मुलांच्या वह्या काढून बघितल्या. दोन ठिकाणी मीही हे केलंय. आज दोघांना जवळ घेऊन माफी मागितली.

नीतिसूत्रे_३१

मीही केलंय. आळशाला मुंगीकडं पाठवणारं वचन. आता नाही करणार.

वसईकर

मी कॅथलिक, माझं आजोळ कोल्हापूर. आमचं बायबल ७३ पुस्तकांचं, तुमचं प्रॉटेस्टंटांचं ६६ चं, पण या धाग्यात भांडण नको, भाषेचं बोलतो.

घरी शिकवताना मराठीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. चर्चची मराठी आणि बाजाराची मराठी यात मुलं अडखळतात. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये ओवीत ख्रिस्तपुराण छापलं. छापलं रोमन लिपीत, पण ओवी आपलीच. बारा वर्षांच्या मुलाला त्यातल्या चार ओव्या आणि ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या शेजारी ठेवून मोजायला लावा, त्याला वृत्त आपोआप कळेल. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तायन हे ख्रिस्तावरचं काव्य सुरू केलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरं केलं. नवरा-बायकोच्या एका कामाची ही गोष्ट मुलींना जरूर सांगा.

आणि पंडिता रमाबाई! १८५८ चा जन्म. शाळेत कधी गेल्या नाहीत, आईनं रानात राहून संस्कृत शिकवलं. पुढे इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. घरी शिकून माणूस कुठवर जातो ते आपल्याच भाषेत आहे.

हलगी

वसईकर, रमाबाईंचं माहीत होतं, पण आईनं शिकवलं हे आत्ता कळलं. हे भारीच.

कुंभारगल्ली

थोडं अवांतर, पण पाच वर्षांच्या मुलीबद्दल विचारलंय म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. बोटीतून बाहेर काढलं आम्हाला. पुढं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, तारवाची गोष्ट आली, रंगीत चित्रं, जिराफ, माकडं, सगळी पोरं हसतायत, आणि ही कोपऱ्यात गच्च. घरी येऊन विचारलं, "बाहेर राहिलेली माणसं कुठं गेली?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्या शेजारी नुसता बसलो. महिनाभर ती गोष्ट काढली नाही. नंतर तिनंच काढली. मग आम्ही उत्पत्तीच्या नवव्या अध्यायापासून सुरुवात केली, इंद्रधनुष्य आणि देवाचा करार इथून, आणि मग मागे गेलो. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा सामान माळ्यावर चढवताना ती आम्हालाच सांगत होती की आधी आजीची औषधं घ्या.

गोष्ट कुठून सुरू करायची हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. समोरच्या लेकराकडं बघून ठरवायचं.

मिरजेची_आत्या

अगदी. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शेवटी शेतकऱ्याचं आहे बघा. जिऱ्यावर कुणी गाडा फिरवत नाही, ते काठीनं झोडतात. भाकरीचं धान्य वेगळ्या रीतीनं मळतात आणि तेही सारखं मळत बसत नाहीत. आणि म्हणतो की शेतकऱ्याला हे त्याचा देव शिकवतो. शाहूपुरीच्या आई, तुझ्या तिघांची मळणी तीन प्रकारची आहे. हा उतारा मुलांना नको शिकवूस, तू आणि जावई दोघं वाचा.

प्राणिशास्त्र_एमएस्सी

एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. बायबल मध्यभागी ठेवणारी घरं इथं दोनपैकी एक करतात. धडा गाळतात, नाहीतर दोन ओळींत हसण्यावारी नेतात. दोन्ही चूक. मी विश्वासणारी आहे आणि १४ वर्षं हा विषय शिकवतेय. मुलाला जीवाश्म, अवशेषांगं (उपयोग न उरलेले अवयव), जनुकं हे सगळं पूर्ण, शास्त्रज्ञ मांडतात तसं शिकवा. उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा वाचायचा यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसांमध्ये मतभेद आहेत, हेही सांगा. तुमचं स्वतःचं मत काय आणि का, तेही सांगा. जे मूल ही गोष्ट आईकडून ऐकतं, ते कॉलेजात पहिल्यांदा ऐकून मोडत नाही. माझ्याकडे दरवर्षी एक-दोन मोडलेली येतात. त्यांना वाटतं, घरच्यांनी हे लपवलं तर आणखी काय लपवलं असेल.

नीतिसूत्रे_३१

मी सहा दिवस अक्षरशः मानते. त्यावर माझं मत बदलणार नाही.

प्राणिशास्त्र_एमएस्सी

बदला असं मी म्हणतच नाही, ताई. धडा मात्र गाळू नका. तुमचा मुलगा सुतळीनं घंगाळ मोजतो आणि ग्रंथात तीस का विचारतो. हा प्रश्नही तो एक दिवस विचारणारच.

नीतिसूत्रे_३१

हे खरं. पुस्तक मागवते.

पेठकर

हलगीच्या बाकाकडं परत येतो. आमची मंडळीही विसरतात म्हणून सांगतो. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले तेव्हापासून त्यांचा सगळा भर शाळांवर होता. आपल्या चर्चच्या माणसांनीच या शहरात शाळा चालवल्या, आणि त्यात सगळ्या जातींची पोरं शिकली. आपण आपली पोरं काढून घेतली तर त्या शाळांतून आपली पोरं दिसणार कुठं? मीठ बरणीतच राहिलं तर कालवणाला काय उपयोग. मी दोन्ही पोरं शाळेत ठेवलीत. सकाळी पावणेसहाला उठून वीस मिनिटं वचन, अंघोळीच्या आधी. जमतं. शाळा न सोडताही वचन दिवसाच्या सुरुवातीला आणता येतं. शाहूपुरीच्या वहिनींनी सांगितलेली अडचण वेळेची आहे, मग ती आधी वेळेतच सोडवून बघावी असं मला वाटतं.

गडहिंग्लजकरीण

पेठकर, तुमचं बरोबर आहे, पण पाच वर्षांचं रोप उन्हात लावायच्या आधी सावलीत वाढवतात ना? तरू कुणी थेट बांधावर लावत नाही.

पेठकर

पाच वर्षांचीचं मान्य. बारा वर्षांच्याचं नाही. त्याला विचारलंय का कुणी?

भूगोलवेडी

शाळेत असो वा घरी, एक गोष्ट सगळ्यांनी करा. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पॉसिडॉनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि तो आपल्या पंचगंगेच्या काठी जमिनीखाली! रोमन व्यापाराच्या काळातली. मुलांना आधी प्रेषितांची कृत्ये १७ वाचून दाखवा, अथेन्समध्ये पौल मूर्ती बघत फिरतो ते, आणि मग तिथं न्या. माझा मुलगा काचेसमोरून हलेना. "म्हणजे पौलाचं जग आणि आपलं कोल्हापूर एकाच काळात होतं?" असं विचारलं त्यानं. होतंच. आत्तापर्यंत त्याच्या डोक्यात बायबल कुठल्यातरी वेगळ्या ग्रहावर घडत होतं.

काकवी

आमच्या गुऱ्हाळावर शब्बाथ शाळेची पोरं आणली होती गेल्या हंगामात. दूध आणि मध वाहणारा देश म्हणजे काय, असं बाईंनी विचारलं. एक पोरगं चटकन म्हणालं, "दूध आणि काकवी, म्हणजे करवीर." बाईंनी बरोबर दिलं :)

शाहूपुरीची_आई

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं, पारवाभाऊंचं वाचताना मला मध्येच थांबावं लागलं.

पेठकर भाऊजींचा प्रश्न टोचला, कारण थोरल्याला आम्ही विचारलंच नव्हतं. परवा विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी घरी राहिलो तर शाळेच्या टीममध्ये कोण खेळणार?" फुटबॉल. आणि मग हळूच, "सकाळी पप्पांबरोबर वाचायचं असेल तर मी उठतो. रात्री मला झोप येते, म्हणून मी घड्याळ बघतो." इतके दिवस मला वाटत होतं त्याला वचनाचा कंटाळा आलाय.

तर सध्या असं ठरलंय. थोरला शाळेतच. त्याची शिकवणी बंद, गणित मी घेणार. हे पहिल्या पाळीला असले की सकाळी पाचला, नाहीतर सव्वासहाला, बाप-लेक दोघंच वाचणार. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात, कारण येशूच्या चार चरित्रांत ते सगळ्यात लहान आणि त्याला धावतं काही आवडतं. प्रश्नाची वही त्यानं स्वतः आणलीय, कव्हरवर मेस्सी आहे, मी काही बोलले नाही.

मधली पाचवी शाळेत पूर्ण करेल. पुढचं पुढच्या मार्चमध्ये, तिला विचारून. यंदाच्या सुट्टीत तिच्याबरोबर घंगाळ, तारू आणि म्युझियम.

धाकटी मात्र जूनपासून माझ्याजवळ. पहिलं वर्षभर लिहिणं नाही. उत्पत्ती ते रूथ गोष्टी तोंडी, कुंडीत मोहरी पेरायची, रोज पाणी, मापं चमच्या-वाटीनं, आणि आठवड्यातून दोन दुपारी आमच्या गल्लीतल्या आजींकडे. त्यांना विचारलं तर त्यांनी मला आधी बसवून चहा पाजला आणि मग होय म्हणाल्या. संध्याकाळी पाच ते सहा शेजारच्या पोरांबरोबर अंगणात. हलगीदादा, बाक नाही, पण पायरी आहे.

गुरुजी, जन्मदाखल्यात धाकटीचं नाव घातलेलं नाही, नुसतं 'मुलगी' आहे. ते आधी करून घेते.

हलगी

पायरी चालंल ताई. पोराच्या मॅचची तारीख टाका इथं, येतो आम्ही.

जि_प_गुरुजी

जन्मदाखल्यात नाव घालण्यासाठी महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज करा. जूनच्या गर्दीआधी जा.

भूगोलवेडी

पौलाच्या प्रवासाचा मोठा नकाशा माझ्याकडे जादाचा आहे, मराठी नावांचा. रविवारी उपासनेनंतर वाइल्डर चर्चच्या दारात थांबते, मधलीला घेऊन या.